माघीकाकी आणि सात घरांची मांजरं

मला मांजरं आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाचा तरी गैरसमज व्हायचा. मी अंगणवाडी सेविका आहे. पाड्यातली पोरं सांभाळताना माझ्या नाकी नऊ येतात, त्यात शेपटीवाल्यांची भर मला नको असते. पण माघीकाकीविषयी लिहायचं तर मांजरांना टाळून चालत नाही. तिच्या घरात शिरतानाच कुणाच्या तरी शेपटीवर पाय पडतो.

आमचा पाडा वांगणीच्या अंगाला, ओहोळ ओलांडून चढण चढलं की लागतो. घरं अकरा. त्यातली सात दिवाळी झाली की कुलूपबंद होतात. भाताची झोडणी उरकली, नागली घरात आली, की माणसं पोराबाळांसकट भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. शिमग्याला आठ दिवस येतात, परत जातात आणि पेरणीच्या तोंडावर घरी येतात. माझ्या अंगणवाडीत एरवी वीस पोरं असतात, ती दिवाळीनंतर सहावर येतात.

माघीकाकीही पूर्वी भट्टीवर जायची. गुडघा गेल्यापासून ती इथंच राहते. नवरा वारला त्याला आठ वर्षं झाली. मुलगी वर्षाली मोखाड्याला दिली आहे, मुलगा हेमंत डहाणूकडे टेम्पो चालवतो. काकीचं वय साठीच्या आसपास असावं; विचारलं तर ती म्हणते, "माघात झाली म्हणून माघी. कुठला माघ तां आयस सांगायला इसरली."

आता मांजरांचं. आमच्याकडे माणसं गाव सोडून जातात, पण बी जात नाही. पुढच्या सालाचं भाताचं बी घरातच, बांबूच्या कणगीत ठेवतात, वरून शेणामातीनं लिंपतात. धान्य म्हणजे कणसरी, आमची देवी. पेरणीचा दिवस येईपर्यंत बियाच्या रूपातली कणसरी घराचा उंबरा ओलांडत नाही, असा रिवाज. म्हणजे माणसं भिवंडीला, घराला कुलूप, आणि बी आत. उंदरांना याहून चांगले दिवस कुठले?

म्हणून दर घराला एक मांजर आणि दर घराच्या कुडाला खाली वीतभर भोक. मांजरानं त्यातून ये-जा करावी आणि आतलं बी राखावं. शेजारच्या सखीनं एका वर्षी आपली काळी मांजर टोपलीत घालून भट्टीवर न्यायचा प्रयत्न केला होता. ती वावर गावाच्या वळणावर गाडीतून उडी मारून पळाली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या घरासमोर अंग चाटत बसली होती. तेव्हापासून कुणी तो नाद केला नाही.

पण मांजरानं नुसत्या उंदरांवर चार-पाच महिने काढायचे कसे? पहिल्या वर्षी सखीनं माघीकाकीला सांगितलं, "काकी, जरा पेज घालत जा गं हिला." दुसऱ्या वर्षी मंगेशनं आपला बोका सोपवला, मग पांड्यानं, चैतीनं, गोमानं, आणि आता सातही घरांच्या किल्ल्या काकीच्या आरशाखालच्या खिळ्याला असतात. बदल्यात ही माणसं जाण्याआधी तिचं छप्पर शाकारून देतात आणि लाकूडफाटा रचून ठेवतात.

काकीचं काम ठरलेलं. दिवस कलला की टोपात पातळ पेज घ्यायची आणि एकेका बंद दारासमोर जाऊन हाक मारायची. मांजरांना वेगळी नावं कुणी ठेवलेली नाहीत, ज्याचं घर त्याचंच नाव. "ए पांड्याऽ! ए चैतेऽ! मंगेशा, कुठं उलथलास रं?" नवखा माणूस खालच्या वाटेनं जात असेल तर त्याला वाटावं, सगळा पाडा घरात आहे आणि कुणीतरी बाई सगळ्यांवर डाफरते आहे. पेज मात्र मोजकीच. "पोट अर्धां पेजेनं भरायचां," काकी मला शहाणपण शिकवायची, "बाकीचां उंदरानं. पोट भरलेलां मांजर आणि पगार झालेला माणूस, दोघां कामाला उठत नाय." शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून असायचं.

इतकं सगळं कळत असलेली बाई गेल्या वर्षी चुकली, आणि चुकली ती सुकटीमुळे.

दिवाळीला हेमंत आला तो टेम्पोतून सुकटीचं अख्खं पोतं घेऊन. आई एकटी असते, कालवणाची सोय होईल, एवढाच त्याचा हेतू. चार दिवस राहून तो गेला. त्याच आठवड्यात सातही घरं गेली. मी अंगणवाडीतून परत येताना पाहिलं, काकी ओट्यावर नुसतीच बसली होती. समोर सात कुलपं. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "काय नाय. आयकत होती. काय आयकायलाच येत नाय."

त्या संध्याकाळी तिनं पेजेत मूठभर सुकट टाकली. आणि दारोदार जायच्या ऐवजी स्वतःच्या ओट्यावरूनच हाका मारल्या. सुकटीचा वास सुटल्यावर हाकांची गरज नव्हतीच. सातही मांजरं हजर झाली आणि जेवून झाल्यावर परत गेलीच नाहीत.

पुढचे दोन महिने त्या घरात जे चाललं होतं त्याला संसार म्हणायचं की तमाशा, मला ठरवता आलं नाही. चुलीतली राख कोमट असायची म्हणून गोमाची मांजर चुलीत झोपायची आणि सकाळी उठून ताज्या सारवणावरून राखेच्या पावलांनी फिरायची. पांड्याचा एककानी बोका घराच्या चारी कोपऱ्यांत मुतून ठेवायचा. काकी राख टाकायची, लिंबाचा पाला टाकायची, शिव्या टाकायची. बोका पुन्हा तिथंच. शिंक्यावर टांगलेलं दूध चैतीची मांजर छपराच्या वाशावरून उतरून प्यायची. काकीनं शिंकं खाली घेतलं तर मंगेशच्या बोक्याला तेवढे कष्टही पडेनात. गोधडीत पिसवा झाल्या. भाकरीत केस निघू लागले. मी एकदा चहाच्या कपातून एक लांब पांढरा केस काढून काकीला दाखवला, तर म्हणाली, "तो माझा आसंल, पी."

मग चैतीची मांजर काकीच्याच गोधडीत व्याली. चार पिल्लं. काकी गोधडी तिला देऊन स्वतः घोंगडीवर झोपू लागली. एका पिल्लाला हलवायला गेली तर त्या बाळंतिणीनं मनगटावर असा ओरखडा काढला की रक्त आलं. जखम साबणानं धुऊन मी काकीला अक्षरशः ओढत आरोग्य केंद्रात नेलं. सुई घेताना ती नर्सला म्हणाली, "ओली बाळंतीण हाय, चिडणारच ना." नर्सनं माझ्या पोटाकडे पाहिलं. मी तीन वेळा समजावून सांगितलं की ती मांजराविषयी बोलते आहे.

एवढं होऊनही काकी खुशीत होती. खरं सांगायचं तर इतकी खुशीत मी तिला काका गेल्यापासून पाहिली नव्हती. त्यामुळे मी गप्प बसले, आणि त्याचा मला अजून राग येतो. कारण ती विसरली होती तरी मला तर आठवायला हवं होतं, की ही मांजरं पाळलेली नव्हती, राखणीला ठेवलेली होती.

पौष सरत आला होता. एका सकाळी अंगणवाडीकडे जाताना सखीच्या घराच्या कुडाखाली, मांजराच्या भोकापाशी, मला भाताची टरफलं दिसली. ताजी, लालसर. मी खाली वाकून पाहिलं. तशीच मागे फिरले. काकीनं किल्ली आणली, कुलूप मी उघडलं.

कणगी बुडाशी कुरतडलेली होती. मूठ जाईल एवढं भोक, भोवती टरफलांचा ढीग. सखीचं ते लाल भात तिच्या सासूच्या सासूकडून आलेलं. आमच्या पाड्यात तिच्याखेरीज कुणाकडे नाही. वरचं झाकण काढून काकीनं कोपरापर्यंत हात आत घातला. निम्मं बी गेलं होतं. काकी तिथंच मातीत बसली.

"माझे जिभेला आग लागो," ती म्हणाली. मग रडली. मी म्हटलं, "जिभेचा काय संबंध, तू थोडीच खाल्लंस?" तर म्हणाली, "हाका मारायला तोंड दिलां ना देवानं? दारात जाऊन मारायच्या त्या घरात बसून मारल्या."

दुसरी सहा घरं लगेच उघडून पाहिली. सुदैवानं पोचायला उंदरांना अजून वेळ मिळाला नव्हता. मंगेशच्या कणगीला नुसते दात लागले होते. पण आता दिवस वाया घालवून चालणार नव्हतं. शिमग्याला माणसं यायच्या आत हे सात आळशी कामाला लावायचे आणि उरलेलं बी वाचवायचं, हे आमच्यापुढचं काम. मी 'आमच्यापुढचं' म्हणते, कारण काकीनं मला विचारलंच नाही, धरूनच चालली.

पहिला उपाय सोपा वाटला. एकेक मांजर टोपलीत घालून ज्याच्या त्याच्या घरात सोडायचं आणि भोक दगडानं बंद करायचं. सातवं मांजर सोडून आम्ही काकीच्या घरी परतलो तेव्हा पहिली पाच ओट्यावर आमची वाट बघत होती. छपराचं गवत उचकटून बाहेर पडली होती. म्हणजे आता बियाला उंदीर आणि घराला गळती, दोन्ही.

दुसरा उपाय माझा. मी म्हटलं, "सुकट बंद. पेजही बंद. उपाशी ठेव, आपोआप उंदीर धरतील." काकीनं जड मनानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सातही मांजरं उंदरांकडे न जाता माझ्या अंगणवाडीत आली. पोरांसाठी उकडलेली सहा अंडी होती. मी हात धुऊन येईपर्यंत ताटात एकही उरलं नाही आणि पोरं टाळ्या वाजवत होती. उपाय मागे घेतला.

मधल्या काळात सखीचा फोन आला. आमच्याकडे मोबाईलला रेंज फक्त मारुतीच्या दगडापाशी येते. मी फोन काकीच्या कानाला लावला. सखीचा आवाज मला बाजूला उभं राहूनही ऐकू येत होता. "काकी, बी बरां हाय ना?"

"मांजर बरां हाय," काकी म्हणाली.

"आणि बी?"

"मांजर लय बरां हाय. जाड झालां."

फोन ठेवल्यावर मी तिच्यावर चिडले. खोटं नाही बोललीस, पण खरंही नाही. ती म्हणाली, "फोनात सांगून काय? ती थंय रातभर रडंल, कुणाला दिसणार पण नाय. तोंडावर सांगीन. तिला शिव्या तरी देता येतील."

तिसरा उपाय काकीचा, आणि तो मला आधी निव्वळ वेडेपणा वाटला. मांजरं तिला सोडत नव्हती, हे तर दिसतच होतं. मग जिथं ती झोपेल तिथं ती झोपणार. त्या संध्याकाळी तिनं घोंगडी खांद्यावर टाकली, पिल्लं टोपलीत घेतली, आणि सखीच्या घरी निघाली. मागोमाग सातही मांजरं शेपट्या वर करून. तिथं तिनं चूल पेटवली, पेज शिजवली, चिमूटभर सुकट घातली आणि पडून राहिली. सकाळी मी गेले तर दाराशी तीन उंदीर ओळीनं ठेवलेले होते आणि पांड्याचा बोका शेजारी कलेक्टरच्या थाटात बसला होता.

दुसऱ्या दिवशी मंगेशचं घर. मग पांड्याचं, मग चैतीचं. सात घरं, सात दिवस, पुन्हा पहिल्यापासून. महिनाभर काकीचा मुक्काम असा फिरता होता. मी संध्याकाळी ओट्यावरून बघायची, आज कुठल्या छपरातून धूर येतो. इतकी वर्षं त्या महिन्यांत ती घरं मी नुसती बंदच पाहिली होती. खोटं कशाला बोलू, धूर बघून बरं वाटायचं.

पण उंदरांनाही ते वेळापत्रक समजलं. काकी ज्या घरात असेल तिथून ते त्या रात्रीपुरते दुसरीकडे जायचे. नुकसान थांबलं असं नाही, आवरलं. आणि काकीचा गुडघा घरोघरच्या चढउतारानं भोपळ्याएवढा सुजला. शिमग्याला आठ दिवस राहिले तेव्हा ती काठी धरून चालत होती. त्या दिवशी तिनं स्वतःच्या कणगीतलं बी काढलं, सगळं, आणि रिवाज मोडून, गुपचूप टोपलीत भरून सखीच्या कणगीशेजारी नेऊन ठेवलं.

"मग तू काय पेरशील?" मी विचारलं.

"माझा गुडघा काय पेरू देतो मला?"

"तिचं भात लाल आहे, तुझं पांढरं. त्यानं काय भरून निघणार?"

"नाय निघणार," ती म्हणाली. "पण रिकामे हातानं कसां सांगू?"

सखी आणि तिचा नवरा रमेश शिमग्याच्या दोन दिवस आधी आले. बोचकं अजून तिच्या डोक्यावरच होतं तेव्हा काकी काठी टेकत तिच्या दारात जाऊन उभी राहिली. मी मागे होते. काकीनं काही आडपडदा ठेवला नाही. सुकटीचं पोतं, ओट्यावरून मारलेल्या हाका, कुरतडलेली कणगी, फोनवर लपवलेलं, सगळं एका दमात सांगितलं आणि मान खाली घालून उभी राहिली.

सखी बोचकं उतरवून आत गेली. कणगीत हात घालून पाहिला. काकीची टोपली पाहिली. मग चुलीपाशी जाऊन बसली आणि राखेत बोटं घातली.

"ही चूल कुणी पेटवली?"

"मीच. हितं झोपायची ना मी, मांजरां घेऊन. आठवड्यातून एकदा."

सखीचे डोळे भरले होते. मला वाटलं, आता फुटणार. ती म्हणाली, "तिकडं झोपडीत पडलां का मला रोज तांच वाटं. माझे घरात चूल थंड पडली आसंल. भिंतीला वाळवी लागली आसंल. आणि तू हितं पेज शिजवत होतीस?" मग हसली. "माझे चुलीवर? मला सोडून?"

काकीलाही हसू फुटलं, आणि रडूही. मी त्या दोघींकडे पाठ करून बाहेरच्या शेवग्याच्या झाडाकडे बघत राहिले, कारण मला डोळ्यांचा त्रास आहे.

शिमगा जोरात झाला. होळीभोवती नाचून सगळ्यांचे आवाज बसले. काकीची टोपली सखीनं दुसऱ्याच दिवशी परत आणून ठेवली होती. निम्मं बी आहे, निम्म्या वावरात लाल लावू, उरलेल्या निम्म्यात नागली, पुढच्या साली लाल पुन्हा वाढेल, असं तिचं गणित. पण पुढचे अडीच महिने होतेच. भट्टीवर परत जायच्या आदल्या दिवशी सगळे काकीच्या ओट्यावर जमले. पांड्या म्हणाला, पत्र्याची पेटी आणू. मंगेश म्हणाला, औषध टाकू. काकी ओरडली, "औषध खाल्लेला उंदीर माझां मांजर खाईल, त्याचां काय?" बराच गोंधळ झाला.

तेवढ्यात समोरून सखी आली. डोक्यावर कणगी. रमेशनं मागून आधार दिला होता. ती सरळ काकीच्या घरात शिरली आणि चुलीच्या उजव्या हाताला कणगी टेकवली.

ढवळूबाबा हे पाड्यातले सगळ्यात वयस्क, पूजेचं तेच बघतात. ते काठी आपटून उठले. "बय, काय करतंस? कणसरी पेरणीआधी उंबरा ओलांडत नाय."

"घराचा उंबरा ना बाबा?" सखी म्हणाली.

"हां. घराचा."

"आम्ही उद्या कुलूप लावतो. चूल नाय, दिवा नाय, माणूस नाय. तिला तसां एकलां बसवून आम्ही जातो, दर साली. तां घर काय बाबा? मला तिकडं करमत नाय, तिला हितं कसां करमंल? हिचे घरात माणूस हाय, चूल हाय, मांजरां हायत. तिथं बसू द्या तिला."

ढवळूबाबा रिवाजाचे पक्के, पण त्यांचाही मुलगा भट्टीवरच असतो. शेवटी आत गेले, कणगीला हळदकुंकू लावलं, एक नारळ फोडला आणि म्हणाले, "पेरणीला सांगून ने तिला. विचारून ने." मग बाहेर येऊन पांड्यावर खेकसले, "बघतोस काय? तुझी कणगी कोण आणणार, मी?"

दुपारपर्यंत सात कणग्या काकीच्या घरात आल्या. भिंतीला लागून सगळीकडे कणग्याच कणग्या. मांजरांनी एकेकीचा वास घेतला, पांड्याच्या बोक्यानं नको ते केलं आणि शिव्या खाल्ल्या, आणि शेवटी प्रत्येक कणगीवर एकेक चढून बसलं. काकीला पाय पसरायला जागा उरली नाही. "मी काय बाहेर झोपू?" ती कुरकुरली. तिचा चेहरा मात्र नव्या नवरीचा होता.

सकाळी गाडी गेली. पाड्यात पुन्हा सात कुलपं. पण उंदरांना आता तिथं काही नव्हतं आणि काकीच्या घरात शिरायची त्यांची हिंमत नव्हती. पेरणीपर्यंत एक दाणा गेला नाही.

गाडी गेली त्या संध्याकाळी मी माझ्या ओट्यावर तांदूळ निवडत होते. पाहते तर काकी काठी टेकत घरातून बाहेर पडली आणि सखीच्या बंद दारासमोर जाऊन उभी राहिली. हातात पेजेचा टोप नव्हता.

"ए सखेऽ!" तिनं हाक मारली.

मी उठून तिच्याकडे गेले. म्हटलं, "काकी, भान हरपलं का? सखीचं मांजर तुझ्या घरात, कणगीवर घोरतंय. बी तुझ्या घरात. आता हाका कशाला?"

"मांजराला कुठं मारते?" ती म्हणाली. "घराला सवय हाय. कुणी नावच घेतलां नाय तर त्याला वाटंल, माणसां इसरली."

आणि गुडघा धरत पुढच्या घराकडे निघाली. तिला तो चढ जमत नव्हता. मी तिचा दंड धरला. मंगेशच्या दारासमोर तिला दम लागला, तेव्हा तिथली हाक मी मारली. पांड्याच्याही दारासमोर मीच मारली. तेव्हापासून घरं बंद असली की रोज संध्याकाळी आम्ही दोघी जातो. मांजरांसाठी नाही, हे पुन्हा सांगते.